ओव्हन का रुसला?

भप्प!

एवढाच आवाज. मग दोन सेकंद शांतता, आणि मग जळक्या केसांचा तो घाण वास. माझी रूममेट बाहेरच्या खोलीतून ओरडली, "काय गं, काय केलंस?" मी काय केलं होतं, तर ओव्हनमध्ये डोकं घालून काडी ओढली होती. उजवी भुवई अर्धी गेली, पुढची बट कुरळी झाली. (पार्लरमध्ये याचे पैसे घेतात, बॉस!) चेहरा वाचला, हे नशीब.

तर झालं असं. दिवाळीच्या आधीचा शनिवार. कोथरूडमधला आमचा भाड्याचा टू बीएचके. घरमालकीण काकूंनी स्वयंपाकघरात त्यांची जुनी कुकिंग रेंज ठेवलीय. वर चार बर्नर, खाली गॅसचा ओव्हन. आम्ही वरचे बर्नर मॅगी आणि चहापुरते वापरायचो. ओव्हनमध्ये आमचे तवे आणि कढया राहायच्या.

यंदा मात्र मला नानकटाईचा झटका आला. आमच्याकडे साताऱ्याला आई दिवाळीत मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी यायची. म्हटलं, घरात ओव्हन आहे, मग बेकरीत कशाला जायचं? ऑफिसातल्या अर्ध्या मजल्याला प्रॉमिस करून बसले. तवे बाहेर काढले आणि लागले कामाला.

नॉब दाबला, फिरवला. चट चट चट, स्पार्क पडतोय. आठव्या-नवव्या चटला एक केविलवाणी निळी ज्योत आली. नॉब सोडला की गायब. पुन्हा दाबला, पुन्हा आली, पुन्हा गायब. वरचे चारही बर्नर मात्र झकास पेटत होते. म्हणजे गॅस येतोय. मग याला काय धाड भरली?

आपण काय करतो अशा वेळी? जमेल ते सगळं करतो. स्पार्कच्या टोकावरचं चिकट तेल जुन्या टूथब्रशने साफ केलं. बर्नरची भोकं घासली. शेवटी दार लोटून पाच-सहा वेळा नॉब दाबून ठेवला, स्पार्कवर विश्वास उरला नाही म्हणून काडेपेटी काढली, आणि... भप्प. न पेटलेला गॅस त्या बंद डब्यात साठत होता आणि मी त्याला काडी लावली. हा मूर्खपणा मी केलाय, तुम्ही करू नका. ओव्हन चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद, दार सताड उघडं, खिडकी उघडी, आणि किमान पाच मिनिटं लांब. गॅसचा वास जातच नसेल, तर मग पेटवापेटवी नाहीच. मेन कॉक बंद करायचा, पंख्या-दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेर जाऊन फोन करायचा. सिलिंडर असेल तर 1906, पाइप असेल तर बिलावर छापलेला इमर्जन्सी नंबर.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे पंधरा वर्षं एकदाही बिघडला नाही हो." पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. डिपॉझिट! साठ हजार! डोक्याला शॉट.

पहिला मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि निकाल दिला, "थर्मोकपल गेलाय." अठराशे रुपये. निदान अगदीच हवेतलं नव्हतं, कारण नॉब सोडल्यावर ज्योत विझणं हे थर्मोकपलचंच नेहमीचं लक्षण. त्याचा फंडा असा. बर्नरपाशी पेन्सिलीच्या शिशाएवढी एक धातूची कांडी असते. तिचं टोक ज्योतीत तापलं की तिच्यात अगदी थोडी वीज तयार होते, 20-30 मिलिव्होल्ट. घड्याळाच्या सेलचे असतात दीड हजार, म्हणजे बघा! पण तेवढ्यावर आतलं चिमुकलं चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, कांडी गार झाली, की झडप आपोआप बंद. म्हणून पेटल्यावर नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा असतो. अर्धी जनता हे करत नाही आणि ओव्हनला शिव्या घालते.

मी ते करत होते. नवा थर्मोकपल बसवला तरी ज्योत विझत होती. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, आता पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागेल." मी म्हटलं, आता पुरे.

दुसरे काका काकूंनीच पाठवले. साठीचे असतील, खांद्याला कापडी पिशवी. ओव्हनकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, गॅस कुठला? सिलिंडर का पाइप?"

"पाइप. सोसायटीत तीन महिन्यांपूर्वी आला."

"मग ओव्हनचा जेट बदलला का?"

आणि मला तो दिवस आठवला. गुरुवार, क्लायंटचा कॉल चालू. पाइप जोडायला आलेला मुलगा शेगडीचे जेट बदलत होता. त्याने विचारलं होतं, "ओव्हन वापरता का?" मी फोनवर हात ठेवून म्हणाले होते, "नाही नाही, वरचं तेवढं बघ." आणि त्याच्या कागदावर सही ठोकली होती. आता कोणाला दोष देणार!

काकांनी ओव्हनच्या तळाचा पत्रा काढला, पान्याने जेट सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा, वाटाण्याएवढा, मधे केसासारखं भोक. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, तर पाइपातला मुख्यतः मिथेन. तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसची उष्णता पाइपच्या गॅसपेक्षा साधारण अडीच-तीन पट. शिवाय पाइपच्या गॅसचा दाबही कमी, घरात येतो तो 21 मिलिबारच्या आसपास. म्हणून पाइपला मोठ्या भोकाचा जेट लागतो. माझा ओव्हन सिलिंडरच्या बारीक भोकातून पाइपचा गॅस ओढत होता. ज्योत एवढीशी, ती कांडीपर्यंत पोचतच नव्हती. बिचारा थर्मोकपल काय करणार? जुनाही चांगलाच असणार. अठराशे रुपये पाण्यात.

"पिनने भोक मोठं करू का?" मी विचारलं. लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारताना आजीला बघितलेलं. काका दचकलेच. जेटचं भोक मापाचं असतं, ओरखडा जरी गेला तरी आच वेडीवाकडी होते. आणि याच्या उलट प्रकार तर जास्त वाईट, ते म्हणाले. म्हणजे पाइपची शेगडी उचलून सिलिंडरच्या घरात न्यायची आणि जेट तसेच ठेवायचे. पिवळ्या उंच ज्वाळा, भांड्यांना काजळी, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासच नसतो. दर अकरा महिन्यांनी फ्लॅट बदलणाऱ्या आपल्यासारख्यांनी टेम्पोत शेगडी चढवण्याआधी हे जरा लक्षात ठेवलेलं बरं.

आता नवा जेट आणायचा कुठून? एवढ्या जुन्या मॉडेलचा! पुन्हा काकूंना फोन. "अगं, हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या खणात बघ, माहितीपुस्तकाबरोबर एक पुडी आहे." होती. लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सखाली प्लास्टिकच्या पुडीत पाच पितळी जेट. चार बर्नरचे आणि एक ओव्हनचा. पंधरा वर्षं जपून ठेवलेले!

काकांनी आकडा वाचून जेट बसवला, साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का बघितलं, हवेची झडप जरा फिरवली. नॉब दाबून मी मनात पंधरा मोजले आणि हात काढला. ज्योत निळी, ठाम, जागच्या जागी. काकांनी दोनशे रुपये घेतले आणि चहा पिऊन गेले.

पहिला ट्रे करपला, कारण ओव्हनचा अंदाज नव्हता. दुसरा जमला. भाऊबीजेच्या संध्याकाळी काकू आल्या, एक नानकटाई मोडून तोंडात टाकली, माझ्या भुवईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तूप जरा कमी पडलंय गं."

डिपॉझिटचं नावही काढलं नाही.