दहा मीटरचा क्लब

नेमबाजीचा क्लब म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं मैदान, मातीचा उंच बांध आणि फाटकावरचा पहारेकरी येतो. हवेच्या रायफलीला यातलं काहीच लागत नाही. नेमबाज उभा राहतो त्या रेषेपासून टार्गेटपर्यंत अंतर असतं १० मीटर. मागे बॅगा ठेवायला, प्रशिक्षकाला फिरायला, पालकांना बसायला जागा धरली तरी पंधरा-सोळा मीटर लांबीची खोली पुरते. एका लेनला रुंदी साधारण मीटरभर. शाळेचं सभागृह, बंद पडलेल्या जिनिंगची शेड, लग्नसराई सोडून एरवी रिकामं राहणारं मंगल कार्यालय अशी एखादी जागा विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी सापडते.

अभिनव बिंद्राला २००८ साली बीजिंगमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा त्याच्या घरच्या रेंजची खूप चर्चा झाली. वडिलांनी मुलासाठी रेंज बांधून दिली होती. ज्याच्या वडिलांना ते परवडत नाही, त्याच्यासाठी क्लब असतो. बव्हेरियातल्या डोंगरी खेड्यांत हे फार पूर्वी ओळखलं गेलं. तिथे गावागावात नेमबाजांची मंडळं आहेत आणि संध्याकाळी कामावरून आलेली माणसं दहा मीटरच्या हॉलमध्ये छर्रे झाडतात. आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे पनवेल. अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेल्या सुमा शिरूर यांनी २००६ साली तिथे 'लक्ष्य' शूटिंग क्लब सुरू केला. २००४च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी करणारी ही खेळाडू नंतर अवनी लेखराची प्रशिक्षक झाली. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये अवनीने एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं. हा पल्ला दहा मीटरच्या खेळाचाच.

दुसरं उदाहरण डोंगराचं आहे आणि ते मला जास्त बोचतं. स्वप्नील कुसळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतला मुलगा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला महाराष्ट्रीय. पण बंदूक शिकायला त्याला घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं, नाशिक गाठावं लागलं. त्याच्या घरच्यांनी त्याला पाठवलं म्हणून तो गेला. ज्यांना पाठवलं नाही, त्यांची नावं आपल्याला कळणार नाहीत.

आता वस्तूंकडे वळू. स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटर छिद्राची, वजनाला जास्तीत जास्त साडेपाच किलो. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने भरलेली हवा असते. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, चपट्या तोंडाचा शिशाचा छर्रा ती हवा ढकलते. तोंड चपटं असल्यामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुणांवरून भांडण होत नाही. टार्गेटचा व्यास ४५.५ मिलिमीटर. त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. ६० छर्रे, ७५ मिनिटं. दशांशात मोजणी असल्यामुळे एका छर्‍याला जास्तीत जास्त १०.९ आणि एकूण ६५४. ज्या नागपुरातल्या अंबाझरीच्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं बनतात, तिथे अर्ध्या ग्रॅमवर इतकं डोकं लावणं काहींना गमतीचं वाटेल. वाटू द्या.

परदेशी बनावटीची रायफल लाखांच्या घरात जाते आणि इथेच बहुतेक क्लब सुरू होण्याआधी संपतात. मला ही हाय खाण्याची गरज वाटत नाही. आपल्याकडे जिल्हा आणि राज्य पातळीवर 'ओपन साइट'चा प्रकार खेळला जातो. त्यात बारीक छिद्रातून पाहायची पीप साइट लागत नाही, देशी बनावटीची साधी रायफल चालते. सुरुवातीचं वर्ष त्यावर निघतं. शिवाय क्लबची रायफल दहा पोरांनी आळीपाळीने वापरायची असते. दस्ता प्रत्येकाच्या खांद्याप्रमाणे लांब-आखूड करता येतो, तेवढा वेळ द्यावा. वापरलेली रायफल घेताना मात्र सिलिंडरवरची तारीख वाचावी. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर चालत नाही आणि विकणारा ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही.

कायद्याविषयी उगाच भीती आहे, तशी उगाच बेफिकिरीही आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासची. पण परवाना नाही म्हणजे नियम नाही, असं नव्हे. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून क्लबचा पहिला खर्च रायफलीवर करू नये, भिंतीवर करावा. टार्गेटमागे पोलादी पेलेट ट्रॅप, त्यामागे पक्की भिंत, आणि फायरिंग लाइनच्या पुढे उघडणारा एकही दरवाजा नको. असला तर विटांनी बंद करावा. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो. तो दिव्यांनीच आणायचा, खिडकीवर भरवसा ठेवायचा नाही. छर्रे शिशाचे, म्हणून रेंजवर खाणं नाही आणि बाहेर पडताना साबणाने हात धुणं आलंच.

चांगल्या रेंजवर एक विचित्र शांतता असते. रेंज ऑफिसरने 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा नळीत जात नाही, 'स्टॉप' म्हटलं की बोट चापावरून निघतं. रायफल खाली ठेवली की नळीतून सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी जाते, म्हणजे ती रिकामी आहे हे खोलीच्या कोपऱ्यातूनही दिसतं. नव्या मुलाला पहिले काही आठवडे छर्राच मिळत नाही. नुसतं होल्डिंग, म्हणजे रायफल नेमावर धरून ठेवणं, आणि ड्राय फायरिंग, म्हणजे छर्‍याशिवाय चाप ओढणं. पाय, कंबर, डावं कोपर बरगडीवर, श्वास अर्धा सोडून थांबवलेला. कंटाळून अर्धी पोरं सोडून जातात. जाऊ द्यावीत. प्रशिक्षकाने गर्दी टिकवायला दुसऱ्या दिवशीच छर्रे वाटले, तर तो क्लब जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या गाड्यावर येऊन थांबतो.

नागपूरकरांनी डोंगरात क्लब काढायचा तर नजर आपोआप चिखलदऱ्याकडे जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच, विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण. उंचीमुळे नेम बिघडत नाही. दहा मीटरवर, चार भिंतींच्या आत, विरळ हवेचा फरक पडण्याआधीच छर्रा कागदात असतो. फायदा वेगळाच आहे. नेमबाजाचं जाकीट जाड कॅनव्हासचं आणि ताठ असतं. मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली ते घालून सव्वा तास उभं राहणं ही शिक्षा आहे. वर डोंगरात मे महिन्यातही शिबिर घेता येतं. वीज गेली तरी हातपंपाने सिलिंडर भरता येतो. पावसाळ्यात मात्र धुकं खोलीत शिरतं, टार्गेटचा कागद ओलसर होऊन भोकाच्या कडा फाटतात, नळीवर गंज चढतो. कागद डब्यात बंद ठेवणं आणि रोज रायफल पुसून तेलाचा हात फिरवणं याला तिथे पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट फक्त तिथलीच. चिखलदऱ्याला लागून मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि हवेच्या बंदुकीला यातून सूट असेल, असं कुणी गृहीत धरू नये. वनखात्याला पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावं, रायफली क्लबच्या कुलपातच राहाव्यात, एकही घरी जाऊ नये. डोंगरातल्या पोराचा गुलेलीवर बसलेला हात आणि डोळा हे भांडवलच आहे. ते पाखरांवरून कागदावर आणणं हे क्लबचं काम.

कागदपत्रांचा मार्ग सरळ आहे: जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्र रायफल असोसिएशन, आणि सर्वांत वर १९५१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय रायफल संघटना. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे. संलग्नता नसेल तर कितीही चांगला नेम धरणारा मुलगा तिथे पोचत नाही. म्हणून ती पहिल्याच वर्षी घ्यावी.

नागपुरात निवृत्त फौजी आहेत, कामठीला एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे, रेंजची शिस्त अंगात मुरलेली माणसं आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी शनिवार-रविवार द्यायची तयारी दाखवली आणि डोंगरातल्या एखाद्या आश्रमशाळेने सभागृह दिलं, तर चार लेन आणि दोन रायफलींवर क्लब सुरू होतो. ज्यांच्याकडे असं सभागृह आहे, त्यांनी आजच टेप घेऊन त्याची लांबी मोजावी.