चिल्लई कलानची वीस वर्षे

काश्मीर खोऱ्यात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ असते, म्हणजे कडाक्याची थंडी. या दिवसांतला बर्फ कोरडा आणि टिकाऊ. थरावर थर बसत जातो, घट्ट होतो आणि उन्हाळ्यापर्यंत नद्यांना पाणी पुरवतो. फेब्रुवारी सरता सरता पडलेला बर्फ ओलसर असतो, उन्हालाही तोवर धार आलेली असते. तो फार काळ टिकत नाही. 2005 पासूनचे हिवाळे पाहिले, तर किती पडला यापेक्षा केव्हा पडला हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. पीर पंजालच्या रांगेवर त्यांची हवा वर चढते, थंड होते आणि ओझे उतरवते. पुढच्या रांगा ओलांडून लडाखला पोहोचेपर्यंत तिच्यात फारसे काही उरत नाही. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळतो. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि माणदेशाची कोरड पाहिलेल्या माणसाला हे गणित वेगळे सांगायला नको. फरक असा, की पाऊस पडला की वाहून जातो. बर्फाची खरी कहाणी पडल्यानंतर सुरू होते. दक्षिणेकडच्या उतारावरचा बर्फ उन्हाने आधी वितळतो, उत्तरेकडचा मागे राहतो. वारा कड्यावरून बर्फ खरवडून आडोशाच्या बाजूला रचतो आणि तिथेच हिमस्खलनाचा धोका वाढतो.

फेब्रुवारी 2005 मध्ये सतत बर्फ पडत राहिला आणि पीर पंजालच्या कुशीतले वल्टेंगू हे गाव हिमस्खलनाखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली.

2018 आणि 2019 मध्ये उलटेच घडले. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ कोसळला. सफरचंदाच्या झाडांवर अजून पाने होती, त्यांवर बर्फ साचला आणि भाराने फांद्याच काय, झाडेही मोडली. वर्षानुवर्षे जोपासलेल्या बागा एका रात्रीत उभ्या फाटल्या.

जानेवारी 2024 मध्ये सुमारे 2,650 मीटर उंचीवरचे गुलमर्ग उघडे पडले होते. महाराष्ट्रातून बर्फ पाहायला गेलेल्या पर्यटकांना पिवळे गवत दिसले. बर्फ आला तो चिल्लई कलान सरल्यावर, आणि आला तो भरभरून. 22 फेब्रुवारीला, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा चालू असतानाच, गुलमर्गच्या उतारावर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा बळी गेला.

पुढच्या वर्षी याच स्पर्धेसाठी ठरलेल्या तारखांना पुरेसा बर्फच नव्हता. ती 9 मार्चपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्याच फेब्रुवारीत अनंतनागजवळचा अचबलचा झरा आटला. मुघल बागेला आणि आसपासच्या गावांना पाणी देणारा हा झरा भर हिवाळ्यात कोरडा पडावा, ही स्पर्धेच्या तारखांपेक्षा कितीतरी मोठी बातमी होती.

काठमांडूची ‘इसिमोड’ ही संस्था जमिनीवर बर्फ किती काळ टिकला, हे मोजते. हिंदुकुश-हिमालयात 2025 च्या हिवाळ्यात हे प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी भरले. सरासरी न गाठणारा हा सलग तिसरा हिवाळा, आणि 23 वर्षांतला नीचांक.