काट्याची तार निसटली, तर पावतीवर काय छापले जाते?

नारायणगाव असो की मंचर, माल आधी काट्यावर चढतो आणि मग पावतीवर उतरतो. जिथे इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडलेला असतो, तिथे वजन हाताने लिहावे लागत नाही. सोय मोठी आहे. पण तिच्यात एक खोच आहे. जुन्नर-आंबेगावच्या आमच्या व्यापारी बांधवांनी ती समजून घ्यावी.

बिलाचा प्रोग्राम पुष्कळदा एकाच संगणकीय भाषेत लिहिलेला नसतो. पडद्यावरचा भाग सी शार्पमध्ये, तर काट्याशी बोलणारा भाग सी प्लस प्लसमध्ये, असे असू शकते. तार निसटली की आतला भाग ‘एक्सेप्शन’ फेकतो, म्हणजे काम थांबवून हाक मारतो. ही हाक दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी पोहोचत नाही. ‘बाहेरच्या भागात चूक झाली’ एवढेच पलीकडे कळते. चूक कोणती, ते वाटेतच गळते. कधी प्रोग्रामच बंद पडतो. तेही परवडले. पण प्रोग्रामरने ती हाक आतच दाबली असेल, तर पडद्यावर शून्य किंवा मागच्या गिऱ्हाइकाचे वजन राहते आणि पावती बिनदिक्कत छापली जाते.

असे मोठ्या ठिकाणीही घडले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियन ५’ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एका यंत्रात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. यंत्राने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे म्हणून वाचली.

यावर उपाय आहे, आणि तो दोन भाषांच्या सीमेवरच करायचा असतो. आतल्या भागाने चूक तिथेच पकडून तिचा क्रमांक व मजकूर पलीकडे द्यावा. पडद्याच्या भागाने तो तपासावा, पावती रोखावी आणि चूक वेळेसह फाइलमध्ये नोंदवावी. क्रमांक आला, पण कोणी पाहिलाच नाही, तर सारे व्यर्थ.

म्हणून पैसे चुकते करण्याआधी प्रोग्रामवाल्यासमोर वजन चालू असताना तार काढून पाहा. पावती निघते का? चूक नेमक्या शब्दांत दिसते का? तिची नोंद कुठे होते? तार पुन्हा जोडल्यावर जुनेच वजन दिसते का? उत्तरे समाधानकारक नसतील, तर दुरुस्ती होईपर्यंत व्यवहार पुरा करू नका.

माप कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. तराजू संगणकाला जोडला म्हणून आपली जबाबदारी संगणकावर जात नाही. पावतीवर नाव आपल्याच पेढीचे असते.