पाहुणा देवमासा, रहिवासी सुनामेरी

9 जानेवारी 2023 रोजी ओसाका शहरात, योदो नदीच्या मुखाजवळ, एक नर स्पर्म व्हेल पाण्यावर जवळजवळ निश्चल पडलेला दिसला. लांबी सुमारे 15 मीटर. लोकांनी लगेच त्याचे नाव 'योदो-चान' ठेवले, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले, आणि 13 तारखेला तो मेल्याचे जाहीर झाले. त्या काही दिवसांत जे बोलले गेले ते आपल्याकडेही देवमासा किनाऱ्याला लागला की हमखास ऐकू येते. वेळीच समुद्रात हाकलला असता तर वाचला असता. एवढा मोठा जीव वाट चुकतो म्हणजे मोठा भूकंप येणार. आणि नाहीतरी अशा घाण बंदरात जनावर जगणार कसे? या तिन्ही समजुती एकाच ठिकाणी फसतात. डोळ्यांसमोर आलेल्या एका प्रचंड प्राण्यावरून त्या सगळ्या समुद्राचा हिशेब मांडू पाहतात.

आधी वाचवण्याचे पाहू. स्पर्म व्हेलचे मुख्य अन्न म्हणजे खोल पाण्यातले माकूल, आणि ते पकडायला तो शेकडो मीटर, कधी हजार मीटरच्याही खाली बुडी मारतो. ओसाका उपसागराची सरासरी खोली 30 मीटरच्या आसपास आहे. तिथे त्याला खायला काही नाही, आणि देवमाशाला लागणारे गोडे पाणी बहुतांशी अन्नातूनच मिळत असल्याने उपाशी म्हणजे तहानलेलाही. शिवाय असे प्राणी पुष्कळदा आजारी किंवा थकलेले असतानाच उथळ पाण्यात येतात. सुमारे 38 टनांचा असा जीव दोरीने ओढायचा की होड्यांच्या आवाजाने पिटाळायचा? दोन्हींत त्याच्या अंगात उरलीसुरली ताकद खर्च होते. जानेवारी 2002 मध्ये जपानमधल्याच कागोशिमा प्रांतात 14 स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागले होते. माणसांनी शर्थ केली, तरी समुद्रात परतला तो एक. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले, तेव्हा वनखाते, मच्छीमार, गावकरी सगळे राबले. पिल्लू पाण्यात गेलेही, पण पुढे मेलेलेच सापडले. म्हणून हात बांधून बसावे असे नाही. जाळ्यात गुरफटलेला डॉल्फिन किंवा कासव वेळेवर सोडवले तर खरोखर वाचते. फक्त ज्या क्षणी आपली करुणा सर्वांत जास्त उफाळते, त्या क्षणी करण्यासारखे सर्वांत कमी उरलेले असते, हे मान्य करायला हवे.

भूकंपाच्या समजुतीचे उत्तर आकड्यांतच आहे. 4 मार्च 2011 रोजी जपानमधल्या काशिमाच्या किनाऱ्यावर मेलन-हेडेड जातीचे पन्नासेक व्हेल लागले आणि आठवड्याने तोहोकूचा महाभूकंप झाला, हे खरे. पण एप्रिल 2015 मध्ये त्याच परिसरात, त्याच जातीचे सुमारे 150 प्राणी लागले, तेव्हा महाभूकंप वगैरे काही झाला नाही. जपानच्या किनाऱ्यांवर व्हेल, डॉल्फिन लागण्याच्या वर्षाला तीनेकशे घटना नोंदल्या जातात, आणि जमीन तर तिथे सतत हलत असते. अशा देशात कुठल्याही भूकंपाच्या आगेमागे एखादा देवमासा सापडतोच. जुळलेली तारीख लक्षात राहते, न जुळलेल्या शेकडो तारखा विसरल्या जातात.

मेल्यानंतर काय, हा प्रश्न मला जिवंतपणीच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. योदो-चानला 19 जानेवारीला जहाजाने 'की' नावाच्या सामुद्रधुनीपर्यंत नेऊन बुडवण्यात आले. खर्च आला सुमारे 8 कोटी येन, म्हणजे त्यावेळच्या दराने जवळपास पाच कोटी रुपये, आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. नमुने घेतले गेले, पण सांगाडा समुद्रात गेला. देवमाशाचे प्रेत म्हणजे फक्त सडकी, दुर्गंधीची अडचण, हा समज नगरपालिकांचा तसाच बघ्यांचाही असतो. वास्तविक दातावरून वय कळते, पोटातून आहार आणि गिळलेले प्लास्टिक कळते, चरबीतून त्या समुद्रातली रसायने कळतात. (आपल्याकडे मात्र स्पर्म व्हेल म्हटले की 'उलटी' आठवते, आणि तीही उलटी नव्हेच. अँबरग्रिस आतड्यात तयार होतो, आणि त्याचा भारतातला व्यापार हा गुन्हा आहे.) यावर कोणी म्हणेल, बुडवले तर काय बिघडले, समुद्राचे समुद्राला मिळाले. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कागोशिमाच्या त्या कळपातली 12 प्रेते नोमा भूशिराजवळ बुडवली होती, पण संशोधक पाणबुड्या घेऊन पुन्हा पुन्हा तिथे गेले, आणि हाडे खाणाऱ्या किड्याची विज्ञानाला माहीत नसलेली एक जात त्यांना मिळाली. बुडवणे आणि विसरणे यांत फरक आहे. 2024 च्या सुरुवातीला ओसाका उपसागरात आणखी एक स्पर्म व्हेल आला आणि मेला, तेव्हा तो साकाई शहरात पुरण्यात आला, हाडे मोकळी झाली की सांगाडा ओसाकाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला मिळावा म्हणून. त्या संग्रहालयाच्या दारात 1990 मध्ये याच उपसागरात आलेल्या फिन व्हेलचा सांगाडा टांगलेलाच आहे.

आता घाण बंदराची गोष्ट. योदो-चान पाहुणा होता, पण या उपसागराला घरचे सस्तन प्राणीही आहेत: सुनामेरी. पाठीवर पर नसलेला, करड्या रंगाचा, दीड-दोन मीटरचा पॉरपॉइज. तो उड्या मारत नाही, नावेजवळ खेळत नाही, श्वासाला वर येतो तेव्हा पाठीचा गुळगुळीत तुकडा क्षणभर दिसतो, आणि त्यामुळे जन्मभर ओसाकात राहिलेल्या माणसाला तो ठाऊकही नसतो. गंमत अशी की त्याच्या दिसण्याची चांगली जागा म्हणजे भराव टाकून उभारलेल्या, 1994 मध्ये सुरू झालेल्या कान्साई विमानतळाचा परिसर. बेटाच्या उतरत्या दगडी बांधावर समुद्री शैवाल वाढले, भोवतीच्या पाण्यात मासेमारीला बंदी, त्यामुळे मासे टिकले. यावरून भराव घालणे निसर्गाला चांगले असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तो चूक आहे. भरावांनी ओसाकाचा नैसर्गिक किनारा जवळपास संपवला, आणि बेटाने त्यातला एक कोपरा परत दिला, इतकेच. शिवाय प्राण्यांना तिथे सिमेंटने नव्हे, मासेमारीच्या बंदीने आसरा दिला असण्याचा संभव अधिक.

सुनामेरीचे खरे हाल सेतोच्या आंतरसमुद्रात दिसतात, ज्याच्या पूर्व टोकाला ओसाका आहे. संशोधक तोशिओ कासुया आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात केलेली मोजणी 2000 च्या सुमारास पुन्हा केली, तेव्हा त्या समुद्राच्या मध्य आणि पूर्व भागात सुनामेरी पूर्वीच्या मानाने फारच कमी आढळले. एकच गुन्हेगार दाखवता येत नाही. जाळी आहेत, जहाजे आहेत, कारखान्यांची रसायने आहेत, आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षे उपसलेली समुद्रतळाची वाळूही आहे. या वाळूत इकानागो नावाचा छोटा मासा दडून राहतो, सुनामेरीचे एक खाद्य. हिरोशिमा प्रांतातल्या आबा बेटाजवळ सुनामेरी इकानागोच्या थव्यांवर तुटून पडत आणि त्यांच्या मागाने कोळी गळ टाकून मोठे मासे धरत. ते पाणी 1930 मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक ठरले. कागदावरचे स्मारक आजही आहे, ती मासेमारी मात्र केव्हाच बंद पडली.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: जपानी लोक देवमासे खातात, ते सोडून हे काय जाळ्यांचे आणि वाळूचे सांगता? शिकारीचा प्रश्न खोटा नाही. विसाव्या शतकात व्यापारी शिकारीने मोठ्या देवमाशांच्या कित्येक जाती नाहीशा होण्याच्या टोकाला नेल्या, आणि त्यात जपान होता तसे नॉर्वे, ब्रिटन, सोव्हिएत संघही होते. जपानने 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग सोडून व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, हेही समर्थनीय वाटत नाही. पण आज तिथे वर्षाला मारले जाणारे देवमासे काही शे आहेत, आणि जगभरात मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणाऱ्या व्हेल-डॉल्फिन-पॉरपॉइजचा नेहमी दिला जाणारा अंदाज वर्षाला तीन लाखांचा. ओसाकातच झुइकोजी नावाचे मंदिर आहे, तिथल्या पुलाचे कठडे देवमाशाच्या हाडांचे. तैजी या गावच्या देवमासे-शिकाऱ्यांनी दिलेल्या हाडांतून तो पूल 1756 मध्ये पहिल्यांदा बांधला गेला, मारलेल्या देवमाशांना शांती मिळावी म्हणून. शिकारीला निदान नाव आणि जबाबदार माणूस असतो. जाळ्यातल्या मरणाला तो नसतो, कारण कोळ्याला तो प्राणी नकोच होता.

म्हणूनच उपायही कोळ्याला बाजूला ठेवून होत नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये एक साधी योजना आणली: जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले, तर नुकसानभरपाई, 25 हजार रुपयांपर्यंत. मच्छीमाराने फोटो काढायचा आणि अर्ज करायचा. रक्कम पुरते का, वेळेवर मिळते का, यावर भांडता येईल आणि भांडायलाही हवे. पण जीव वाचवण्याची किंमत एकट्या कोळ्याच्या खिशातून जाऊ नये, हे त्या योजनेने मान्य केले आहे. सुनामेरीचा जवळचा भाऊ, बिनपराचा पॉरपॉइज, आपल्या कोकणातही आहे, सिंधुदुर्गच्या पाण्यात तो नोंदलेला आहे, आणि त्याची गाठ रोज याच जाळ्यांशी पडते.