कुकी, कारभारी आणि दुभाषा

भिवंडीच्या बाजारात एक सकाळ काढलीत, तर चार-पाच भाषा तुमच्या कानांवर सहज पडतील. आसपासच्या गावांतला आगरी-कुणबी शेतकरी मराठीत भाव विचारतो. मागाच्या कारखान्यांत, फार पूर्वी उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू-हिंदी चालते. तेलंगणातून येऊन इथेच स्थायिक झालेली पद्मशाली मंडळी घरी तेलुगू बोलतात. तरीही सूत येते, भीम भरला जातो, कापड विणले जाते आणि मजुरी चुकती होते. कारण जिथे भाषा अडते, तिथे दोन्हीकडचे जाणणारा एखादा मेस्त्री किंवा दिवाणजी मध्ये उभा राहतो. हा दुभाषा चांगला असेल तर व्यवहार सुरळीत होतो. तो चुकला, तर नुकसान मात्र ज्याला काहीच कळले नाही त्याचे होते.

आज मी तुम्हांला अशाच एका दुभाष्याची ओळख करून देणार आहे. तो माणूस नाही. तो संगणकात राहतो. संगणकाचे जाणकार त्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. तो नेमके काय करतो, आणि गावच्या शाळेत एकाच संगणकावर चाळीस मुले बसतात तिथे त्याची चूक कशी महागात पडते, हे आपण पाहू. पण त्याआधी ज्या वस्तूचा व्यवहार होतो ती वस्तू, म्हणजे कुकी, समजून घेतली पाहिजे.

वज्रेश्वरीला देवदर्शनाला गेलात म्हणजे चपला बाहेर ठेवता. ठेवून घेणारा तुम्हांला एक बिल्ला देतो. तो तुमचे नाव विचारीत नाही, चेहरा लक्षात ठेवीत नाही. परत आल्यावर बिल्ला दाखवलात की चपला मिळतात. कुकी म्हणजे असाच बिल्ला. आपण ब्राउझरमधून एखादे पान मागवतो, तेव्हा पलीकडचा संगणक पान देतो आणि आपल्याला विसरून जातो. पुढचे पान मागितले, की त्याच्या लेखी आपण पुन्हा परके. हा विसराळूपणा त्या व्यवस्थेतच आहे. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी तोड काढली. पलीकडच्या संगणकाने पानाबरोबर एक लहानशी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवायची. त्या चिठ्ठीवर एक नाव, एक किंमत, ती कोणत्या ठिकाणासाठी आहे आणि किती दिवस चालेल, एवढेच लिहिलेले असते.

आता बिल्ल्याचा एक गुण ध्यानात घ्या. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. कुकीचेही तसेच आहे. तुम्ही परवलीचा शब्द टाकून खात्यात शिरलात, की जी कुकी मिळते ती बाळगणारा तो तुम्हीच, असे पलीकडचा संगणक धरून चालतो. तुम्ही उठून गेलात आणि कुकी मागे राहिली, तर त्या खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या माणसाला तुमचेच दार उघडे मिळू शकते.

म्हणून ब्राउझरच्या पोटात या कुक्यांचा एक कारभारी बसवलेला असतो. कोणती कुकी घ्यायची, कोणती नाकारायची, कुठे ठेवायची, केव्हा टाकून द्यायची, हे तो पाहतो. उदाहरणाला वेबकिट घेऊ. वेबकिट हा ब्राउझरचा गाभा आहे. २००५ साली तो सर्वांना खुला झाला. लिनक्स संगणकांवर त्याचे जे रूप वापरतात, त्याला वेबकिट-जीटीके म्हणतात. त्यातल्या कारभाऱ्याला तीन हुकूम देता येतात. पहिला, सगळ्या कुक्या घे. दुसरा, एकही घेऊ नकोस. तिसरा, ज्याचे पान मी उघडले त्याच्याच घे, तिऱ्हाइताच्या नकोत. हा तिऱ्हाईत कोण, असे तुम्ही विचाराल. तुम्ही पान उघडता बातम्यांचे. त्यात कोपऱ्यातली जाहिरात येते दुसऱ्याच ठिकाणाहून. तोही आपला बिल्ला तुमच्या खिशात सरकवू पाहतो. मग तुम्ही दुसरीकडे गेलात आणि तिथेही त्याची जाहिरात असली, की तो बिल्ला पाहून तुम्हांला ओळखतो. काहीच सांगितले नाही, तर वेबकिट-जीटीकेचा कारभारी तिसरा हुकूम पाळतो. आणि मुद्दाम वही नेमून दिल्याखेरीज तो कुक्या कायमच्या साठवीतही नाही; प्रोग्राम बंद झाला की विसरतो. हा कारभारी मुळात सावध आहे म्हणायचा.

इथे भाषेची अडचण येते. या कारभाऱ्याशी बोलण्याची जी खिडकी बाहेरच्यांसाठी ठेवली आहे, ती सी नावाच्या भाषेत आहे. सी ही १९७० च्या दशकाच्या आरंभी घडलेली, यंत्राच्या अगदी जवळची भाषा. पण आज शाळा-कॉलेजातली मुले शिकतात पायथन. काही जण हॅस्केल किंवा रस्ट वापरतात. यांच्या दृष्टीने सी परकी, आणि सीच्या दृष्टीने हे परके. या दोघांमध्ये उभा राहतो तो दुभाषा म्हणजे बाइंडिंग. पायथनमध्ये लिहिलेले वाक्य तो सीच्या खिडकीला समजेल असे करून देतो, आणि तिकडचे उत्तर इकडच्या भाषेत आणतो.

यात काय कठीण आहे? शब्दाला शब्द दिला की झाले! असे वाटणे साहजिक आहे. पण नुसत्या शब्दांनी भागत नाही. दुभाष्याला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट अर्थाची. आपण पाहिलेले तीन हुकूम सीच्या बाजूला आकड्यांनी ओळखले जातात. शून्य म्हणजे सगळ्या घे, एक म्हणजे एकही नको, दोन म्हणजे तिऱ्हाइताच्या नकोत. आता एखाद्याने हे बाइंडिंग घाईघाईने हाताने लिहिले. त्याच्या डोक्यात शून्य म्हणजे ‘नाही’, एक म्हणजे ‘होय’. बहुतेक ठिकाणी तसेच असते. वापरणाऱ्याने ‘कुक्या नकोत’ हे बटण दाबले. दुभाष्याने शून्य पाठवला. कारभाऱ्याने ऐकले, ‘सगळ्या घे’! पडद्यावर कुठेही चूक दिसली नाही. कोणी खोटे बोलले नाही. पण माणसाचा नकार वाटेत होकार झाला. म्हणून चांगला दुभाषा आकडा पुढे करीत नाही; प्रत्येक हुकमाला त्याचे स्वच्छ नाव देतो.

दुसरी गोष्ट मालकीची. ही भिवंडीकरांना समजावून सांगायला नको. सुताचा व्यापारी मागवाल्याला मजुरीवर विणायला सूत देतो. सूत कारखान्यात पडलेले असते, पण मालकी व्यापाऱ्याचीच. उलट मागवाल्याने तेच सूत विकत घेतले, तर ते त्याचे; उरले-सुरले त्यानेच निस्तरायचे. सूत दोन्ही वेळा सारखेच दिसते. फरक चिठ्ठीवर असतो. संगणकाच्या स्मृतीतली जागा अशीच हातोहात फिरते. सी भाषेत ज्याची जागा त्यानेच काम झाल्यावर ती मोकळी करायची असते. कारभाऱ्याकडे कुक्यांची यादी मागितली, तर ती यादी मागणाऱ्याच्या मालकीची होते. पण आपण एक कुकी कारभाऱ्याला ठेवायला दिली, तर आपल्या हातातली मूळ प्रत आपलीच राहते. पायथनला मात्र ही कामे स्वतः करण्याची सवय नाही. तिथे झाडलोट आपोआप होते. तेव्हा कोणती वस्तू कोणाची, हे दुभाष्याने ध्यानात ठेवायचे. दोघांनीही एकच जागा मोकळी केली तर प्रोग्राम कोसळतो. कोणीच केली नाही तर गोदाम भरत जाते आणि संगणक रखडतो.

तिसरी गोष्ट थांबण्याची. रंगाईला माल दिला की तुम्ही दिवसभर दारात बसून राहत नाही. पावती घेता, दुसऱ्या कामाला जाता, निरोप आला की परत येता. कारभारीही कुकी ठेवणे, शोधणे, पुसणे ही कामे याच रीतीने करतो. काम सांगताना आपण ‘झाले की इथे कळव’ असा पत्ता देतो. काम पुरे होईपर्यंत तो पत्ता जपून ठेवणे दुभाष्याकडे असते. मधल्या वेळात पायथनच्या झाडलोटीत तो पत्ताच गेला, तर निरोप येतो आणि दार सापडत नाही.

चौथी गोष्ट नकाराची. कुकी पुसायला सांगितली आणि काही कारणाने पुसली गेली नाही, तर सीच्या खिडकीतून तसे कळवले जाते. ते उत्तर दुभाष्याने गिळले तर? मुलाला वाटेल, माझी खूण पुसली. ती असेल तिथेच!

आता हा सगळा प्रकार शाळेत आणून पाहू. समजा, भिवंडी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत एक जुना लिनक्स संगणक आहे. गावातला, कॉलेजात शिकणारा एक हुशार मुलगा शाळेसाठी पायथनमध्ये लहानसा ब्राउझर करून देतो. बटणे मराठीत, अक्षरे मोठी. शिक्षकांना आनंद होतो. ‘पुन्हा पुन्हा परवलीचा शब्द कशाला?’ म्हणून तो कारभाऱ्याला एक वही नेमून देतो. ही वही साध्या मजकुराच्या फाइलीत किंवा एस्क्यूलाइट जातीच्या फाइलीत ठेवता येते. त्याचा हेतू चांगलाच आहे. पण आता सावध कारभारी विसरायचे थांबला. सकाळी एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि ती तशीच उठली. दुपारी त्याच खुर्चीवर दुसरा बसला. तिच्या बापाचे उत्पन्न, तिची जात, बँकेचे खाते, सारे त्याच्यासमोर उघडे पडू शकते. एका ओळीचा हा फरक आहे, आणि ती ओळ दुभाष्याने अगदी बिनचूक पोचवली आहे. म्हणजे दुभाषा कितीही चांगला असला तरी काय सांगायचे ते आपल्यालाच ठरवावे लागते.

मग दुभाष्याने या नियमांची शिस्त कोठून शिकायची? वेबकिट-जीटीकेच्या कुळात याची एक सुरेख सोय आहे. सीमध्ये काम लिहिणाराच प्रत्येक कामाशेजारी ठरलेल्या पद्धतीने टिपण लिहितो: ही वस्तू कोणाच्या मालकीची, हा पत्ता केव्हापर्यंत जपायचा, नकार कोणत्या रूपात येईल. या टिपणांवरून एक वर्णनपत्र तयार होते. पायथनचा दुभाषा काम चालू असताना ते पत्र वाचतो. हॅस्केलचा दुभाषा त्यावरून आधीच तयार केलेला असतो. एकच करारपत्र आणि अनेक भाषा. हाताने लिहिण्यात होणाऱ्या पुष्कळ चुका यामुळे टळतात. अर्थात टिपणच चुकले असेल, तर ती चूक सगळ्या भाषांत एकदम शिरते. तेव्हा तपासणे सुटत नाही.

माणसांच्या भाषांकडेही आता कायद्याचे लक्ष गेले आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती वापरण्यासाठी जी संमती मागायची, तिची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे त्यात आहे. मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही त्या अनुसूचीत आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ही चांगली गोष्ट आहे. पण मराठीत प्रश्न वाचून मराठीत ‘नको’ म्हटले, एवढ्याने काम संपत नाही. तो ‘नको’ मराठी बटणावरून पायथनमध्ये, पायथनमधून सीमध्ये, आणि सीमधून कारभाऱ्याच्या कानापर्यंत ‘नको’ म्हणूनच पोचला पाहिजे. वाटेतला कोणताही दुभाषा चुकला, तर कायद्यातली भाषा कागदावर राहील.

शिक्षक मित्रहो, हे वर्गात दाखवायला संगणकही लागत नाही. एका मुलाला पलीकडचा संगणक करा, एकीला कारभारी, एकाला दुभाषा. कारभाऱ्याने फक्त आकडे ऐकायचे, वापरणाऱ्याने फक्त मराठी बोलायचे. एकदा दुभाष्याला मुद्दाम चुकू द्या. ‘नको’ म्हणूनही हातात बिल्ला आला, की वर्ग हसेल आणि धडा लक्षात राहील.

आणि इतर सर्वांनी एवढे करावे. सामाईक संगणकावर काम संपले की आधी खात्यातून बाहेर पडावे, मग कुक्या पुसाव्यात, आणि मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडून तेच पान पाहावे. त्याने तुम्हांला नावाने हाक मारली, तर समजा, बिल्ला अजून तिथेच आहे. तो परत घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.