गिटारचं शिसव येतं कुठून?

पुणे जिल्ह्यातल्या पाटसच्या माळावर बाभूळ, कडुनिंब भरपूर, शिसव मात्र सह्याद्रीतलं. रंधा फिरला की जांभळट तपकिरी रेषा उमटतात. गिटारची पाठ, बाजू आणि फ्रेटपट्टीसाठी जगभर याला मागणी आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीवर छापा पडला, तो भारतातून गेलेल्या अशाच लाकडी पट्ट्यांवरून. तिथला लेसी कायदा परदेशातला वनकायदा मोडून आलेलं लाकूडही बेकायदा मानतो. २०१७ पासून शिसवाचा व्यापार सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत आला. २०१९ च्या बदलात तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या ओंडक्यांना नाही. हे मला योग्यच वाटतं, कारण शिसव फार सावकाश वाढतं.

गिटार बनवणाऱ्यांनो, वखारीत बिल आणि वाहतूक परवान्याची प्रत मागाच. जुन्या वाड्याचं, मोडलेल्या कपाटाचं शिसव मिळालं तर आधी ते घ्या.