कोळशाची कुळकथा (भाग 11) : बोटानं मोडणारा कोक

या भागात डांबर आणि त्यातून निघालेला पर्किनचा जांभळा रंग यांच्यावर लिहीन, असं मागच्या आठवड्यात कबूल करून बसलो होतो. ते आज होणार नाही. दोष माझा नाही, अँटॉप हिलच्या सेक्टर सातमधल्या एका काकांचा आहे.

रविवारी सकाळी तिथल्याच बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो कोकवाले!" काका त्र्याऐंशी वर्षांचे. लहानपण लालबागच्या चाळीत गेलेलं. ही लेखमाला ते नेमानं वाचतात, आणि चुका काढायला मिळाव्यात म्हणूनच वाचतात असा माझा संशय आहे. म्हणाले, "तुम्ही लिहिलंत, चांगला कोक घणाशिवाय फुटत नाही. आमची आई बोटानं मोडायची. तेव्हा एक तर तुमचं चुकतंय, नाही तर माझ्या आईच्या बोटांत भलतीच ताकद होती."

मी विचारलं, "कोणता कोक?"

"कोणता म्हणजे? गॅसचा!"

मेथी तशीच राहिली. ज्या कोकबद्दल या मालेत एक अक्षरही लिहिलं नव्हतं, तोच नेमका या शहराच्या घरांतला कोक होता. दहा भाग मी पोलादाच्या कोकमागे पळत होतो आणि आमच्या अंगणातली गोष्ट राहूनच गेली होती.

काकांच्या घरी दोन कोळसे असायचे. लोणारी कोळसा पेटवणासाठी आणि कोक बंबासाठी. वखारीतून गोणी यायची. बंबाच्या नळीत खाली निखारा टाकायचा, वरून कोकचे अक्रोडाएवढे तुकडे सोडायचे. धूर नाही, ज्वाळा नाही, पण सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत पाणी कढत. मोठा तुकडा नळीत अडकला की आई तो हातात घेऊन मोडायची. बोटं काळी व्हायची नाहीत, करडी व्हायची. या शेवटच्या तपशिलानं माझा काकांच्या स्मरणशक्तीवर पूर्ण विश्वास बसला. काळी होतात ती लोणारी कोळशानं. कोकची धूळ राखाडीच.

आता हा कोक यायचा कुठून? लालबागमध्ये 'गॅस कंपनी लेन' हा पत्ता अजून लिहिला जातो. त्या नावातला गॅस म्हणजे आपला सिलिंडर नव्हे. 1865 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पहिले गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजार यांचा मान पहिला. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्याकडे निघाला की बघ्यांची झुंड त्याच्या मागोमाग चालायची. तो गॅस बॉम्बे गॅस कंपनीचा आणि कोळशातून काढलेला. विहिरीतून वर आलेला नव्हे, भट्टीत शिजवून काढलेला.

कृती मागच्या भागांतलीच. दगडी कोळसा बंद भांड्यात घालायचा, हवा लागू द्यायची नाही आणि बाहेरून तापवायचा. शाळेत याला आपण भंजक ऊर्ध्वपातन म्हणून घोकलं आणि त्या भांड्याला बकपात्र. गॅसच्या कारखान्यातलं बकपात्र मात्र काचेचं नसून अग्निमातीचं, इंग्रजी डी अक्षर आडवं पाडल्यासारख्या तोंडाचं. ही बकपात्रं ओळीनं आणि थरावर थर रचलेली असायची. कामगार फावड्यानं आत कोळसा भिरकावायचा, झाकण लिंपून बंद करायचा आणि सहा-आठ तासांनी लांब आकड्यानं लालबुंद कोक ओढून काढायचा. वायू वरच्या नळीनं निघून जायचा. तो थंड करायचा, पाण्यानं धुवायचा, चुन्यातून किंवा लोखंडाच्या गंजातून नेऊन त्यातला गंधक काढायचा आणि पाण्यात उपड्या घातलेल्या भल्यामोठ्या लोखंडी घंटेखाली साठवायचा. गॅस भरला की घंटा वर, शहरानं दिवे लावले की घंटा खाली.

इथे एक आडवाट घेतो, रागावू नका. नळाच्या गॅसमध्ये थोडी वाफ राहायचीच. ती रस्त्याखालच्या पाइपात थंड होऊन पाणी व्हायची आणि सखल जागी साचायची. साचलं की ज्योत फडफडायची. म्हणून पाइपाला जागोजागी खाली भांडी जोडलेली असत, सायफन. त्यातलं पाणी हातपंपानं उपसत गावभर हिंडणारी माणसं पगारावर होती. बॉम्बे गॅस कंपनीच्या कामगारांचा साप्ताहिक सुट्टीच्या पगाराचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्या कागदांत 'सायफन पंपर', 'लॅम्प रिपेअरर' अशी पदं भेटतात तेव्हा मला फार आनंद होतो. शहराच्या पोटातलं पाणी काढणं हीसुद्धा नोकरी होती, आणि तिला रविवार हवा होता.

परत बकपात्राकडे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: लालबागला गॅस हे लेकरू होतं आणि कोक हा गाळ. पोलादाच्या कारखान्यात कोक हे लेकरू आणि गॅस हा गाळ. दोन्हीकडे दगडी कोळसाच, आग तीच, बंद दाराआडची क्रिया तीच. फरक कोणासाठी भट्टी पेटवली याचा.

गाळ म्हटलं तरी फुकट घालवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. लंडनमध्ये 1812 साली सनद मिळालेल्या पहिल्या मोठ्या कंपनीचं नावच होतं 'गॅस लाइट अँड कोक कंपनी'. दिवा आणि बंब, दोन्ही पाटीवर.

आता गॅसचा कोक बोटानं का मोडतो ते बघू. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे कोकिंग, म्हणजे कोक होऊ शकणारा, कोळसा मऊ होतो, अगदी सैल कणकेसारखा. आतून वायू सुटत असतो, त्यामुळे ती कणीक फुगते. पाचशेच्या आसपास ती पुन्हा घट्ट होते. ते बुडबुडे जिथल्या तिथे थिजले की कोक. म्हणजे कोक हा थिजलेला फेस आहे, आणि त्याची ताकद फेसाच्या भिंतींची जाडी ठरवते.

बकपात्रात कोळसा सैल भिरकावलेला, वर मोकळी जागा. कणीक मनसोक्त फुगते, भोकं मोठी आणि भिंती पातळ. शिवाय मालकाला गॅस हवा, म्हणून कोळसाही भरपूर वायू सोडणारा निवडलेला. शिजवणंही घाईचं. याउलट कोकभट्टीची खोली आठवा: पंधरा-सोळा मीटर लांब, चार ते सात मीटर उंच आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर, एखाद्या फटीसारखी. तिच्यात कोळसा स्वतःच्याच वजनानं दाबून बसलेला. दोन्ही भिंतींकडून मऊ थर इंच-इंच आत सरकत मध्यावर भेटतात. तिथे फुगायला जागा कुठली? फेस दाबला जातो, भिंती जाड होतात आणि पुढे हजार अंशांवर तास-तास मुरतात. सोळा ते वीस तासांनी जे बाहेर पडतं ते चंदेरी करडं असतं आणि एकावर एक आपटलं तर खणखणतं.

बंबाला हा खणखणीत कोक चाललाच नसता. तो पेटायला हट्टी. सच्छिद्र, ठिसूळ गॅसकोक निखाऱ्यावर पटकन धरतो. म्हणजे काकांच्या आईला मिळालेला कोक तिच्या कामाला उत्तमच होता. वाईट कोक असा नसतोच. चुकीच्या भट्टीत गेलेला कोक असतो.

हे मी स्वतः भोगून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कुर्ल्याकडच्या एका ओतशाळेत होतो, नाव घेत नाही. कुपोलात, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीत, कोकचा थर, वर बीड आणि भंगार, थोडा चुनखडीचा दगड, पुन्हा कोक, अशी रास रचतात. एकदा स्वस्तात कोक मिळाला. दिसायला झकास, पेटायलाही. मी हातात घेऊन बघितला आणि पास केला. तासाभरानं धार बघितली, तर नेहमीची पांढरी झळाळती धार लाल, सुस्त, काकवीसारखी. वरच्या वजनाखाली कोकचा चुरा झाला होता, वाऱ्याच्या वाटा बुजल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तोंडाशीच लोखंड गोठलं. पुढचे दोन दिवस छिन्नी-हातोड्यानं ते फोडताना मिस्त्री माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलले, "साहेब, कोक जळायला नसतो, उभा राहायला असतो."

कुपोला काय किंवा झोतभट्टी काय, सगळ्या गोष्टी वितळत असताना घन राहतो तो एकटा कोक. त्याच्या खांद्यावर वरची रास उभी असते. म्हणून त्याची परीक्षाही तशीच आडदांड. एक मीटर व्यासाच्या पिंपात 50 किलो कोक घालायचा, मिनिटाला 25 या गतीनं 100 फेरे द्यायचे आणि 40 मिलिमीटरच्या चाळणीवर किती उरलं ते बघायचं. ऐंशी टक्के उरलं तर शाबास. त्या चार मिनिटांत प्रयोगशाळेत कोणी फोन उचलत नसे, कारण काही ऐकूच येत नसे.

काकांना हे सगळं बाजारात उभ्याउभ्या सांगितलं. ते म्हणाले, "सांगणं सोपं आहे. दाखवा."

मग सोमवारी गच्चीत मैफल जमवली. कोको पावडरीचे दोन रिकामे डबे घेतले, झाकणाला खिळ्यानं एकेक भोक पाडलं. एकात झरियाच्या कोकिंग कोळशाची पूड, माझ्या जुन्या नमुन्यांच्या बरणीतली. दुसऱ्यात आपल्या विदर्भातली, वर्धा खोऱ्याची. दोन्ही डबे शेगडीत लोणारी कोळशावर ठेवले. पंधरा मिनिटांत भोकांतून पिवळट धूर. काडी लावली. भक्कन ज्योत धरली, दोन्हींवर. काका खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "लालबागचा दिवा." खरंच होतं, 1865 ची ज्योत याच जातीची.

ज्योती विझल्यावर डबे गार होऊ दिले आणि उघडले. वर्धा खोऱ्याच्या डब्यात काळी भुकटीच, जशी घातली तशी. महाराष्ट्रात चंद्रपूर, वणी, उमरेडला कोळसा आहे, वीजघरं त्यावर चालतात, पण तो मऊ होत नाही, फुगत नाही, चिकटत नाही. म्हणून पेणजवळ डोलवीला आंबा नदीच्या नावानं जी कोकभट्टी उभी राहिली, तिच्यासाठी कोळसा जहाजानं येतो. पोलाद महाराष्ट्रात होतं, त्याचा कोळसा मात्र परदेशी. या विषयावर एक अख्खा भाग माझ्या डोक्यात आहे, वेळ आली की सांगेन.

झरियाच्या डब्यात मात्र पूड उरलीच नव्हती. ढोकळ्यासारखी फुगलेली, करडी, चकचकीत एकच वडी. मी ती काकांच्या हातावर ठेवली. त्यांनी वास घेतला, उलटीपालटी केली आणि अंगठ्यानं दाबली. कुर्रकन मोडली.

"हाच!" काका म्हणाले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग बोटांकडे बघितलं. करडी झाली होती.

सैल भरलेला डबा, वर मोकळी जागा, घाईचं शिजवणं. मला बकपात्र हवंच होतं, ते झालं. कोकभट्टी व्हायला त्याच पुडीवर सहा मीटर उंचीचं ओझं लागलं असतं.

हल्ली आमच्या इमारतीतही नळानं गॅस येतो. 1995 मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसचा, नैसर्गिक. त्याच्या मागे कोक नाही, वखार नाही आणि सायफन उपसणारा माणूसही नाही.

काका उरलेली अर्धी वडी कागदात बांधून घेऊन गेले. मी डबे आवरायला बसलो, तर झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी, चिकट थर. बोट लावलं, निघेना. नाकाशी नेलं तर आईच्या ट्रंकेचा वास, डांबरगोळ्यांचा. झाकण अजून धुतलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्यापासूनच सुरुवात करू. काकांनी पुन्हा बाजारात गाठलं नाही तर.